फॉस्फर चूर्णांची निर्मिती
फॉस्फर चूर्णांची निर्मिती : जंबुपार किरण, क्ष-किरण, वेगवान इलेक्ट्रॉन यांसारख्या कारकांपासून मिळालेली ऊर्जा शोषून घेऊन ती तापदीप्त न होता दृश्य प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकणाऱ्या घन पदार्थांना संदीप्तिशील पदार्थ म्हणतात. उद्योगधंद्यांत हे पदार्थ बहुधा बारीक चूर्णाच्या रूपात वापरले जातात व अशा चूर्णास फॉस्फर म्हणण्याचा प्रघात आहे. नळीच्या दिव्याच्या काचेवरील पांढरा लेप, जुन्या दूरचित्रवाणी संचाच्या पडद्याची आतील बाजू, क्ष-किरण छायाचित्रणातील तीव्रतावर्धक पडदे आणि पांढऱ्या एलईडी दिव्यातील पिवळा थर ही त्याची परिचित उदाहरणे होत.

फॉस्फरांचा इतिहास सामान्यतः नवनवीन संयुगांच्या शोधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु संयुगाइतकेच महत्त्व चूर्णाच्या कणाला आहे. चांगल्या प्रकाशासाठी कणाची स्फटिकी रचना निर्दोष असावी लागते व त्यासाठी प्रखर उष्णता द्यावी लागते. प्रखर उष्णतेने कण एकमेकांस चिकटून त्यांचे ढेप बनते. ते फोडण्यासाठी दळावे, तर स्फटिकाची नासधूस होऊन प्रकाश मंदावतो. या पेचातून सुटण्यासाठी जे मार्ग शोधले गेले, त्यांत फवारा शुष्कन आणि त्यातून विकसित झालेले फवारा उष्णताविच्छेदन या पद्धतींचा समावेश होतो. कणाचा आकार व आकारमान भट्टीत जाण्यापूर्वीच, द्रवाच्या थेंबातच ठरवून टाकावे, ही या पद्धतींमागील मूळ कल्पना होय.

प्रारंभीचा काळ : इटलीतील बोलोन्या शहराजवळच्या माँते पादेर्नो या टेकडीवर सापडणारा एक जड दगड व्हिन्चेंझो काशारोलो या किमयेचा नाद असलेल्या चर्मकाराने सु. १६०२ मध्ये कोळशाबरोबर भाजला. सोने मिळाले नाही. परंतु दिवसा उन्हात ठेवलेला तो भाजीव दगड रात्री अंधारात लालसर प्रकाश देत राहिला. हा दगड म्हणजे बराइट (बेरियम सल्फेट) हे खनिज होते व कोळशामुळे त्याचे क्षपण होऊन बेरियम सल्फाइड तयार झाले होते. ‘बोलोन्याचा दगड’ म्हणून प्रसिद्धी पावलेला हा पदार्थ मानवाने तयार केलेला पहिला फॉस्फर मानला जातो. ‘प्रकाश धारण करणारा’ या अर्थाचा फॉस्फर हा ग्रीक शब्द अशा पदार्थांना लावला गेला. हेनिग ब्रांट यांनी १६६९ मध्ये शोधलेल्या फॉस्फरस या मूलद्रव्यालाही पुढे तेच नाव मिळाले. मात्र फॉस्फरसाचा प्रकाश हवेतील ऑक्सिजनाशी होणाऱ्या रासायनिक विक्रियेचा असतो, त्यामुळे नाव सारखे असले, तरी दोन्ही गोष्टी भिन्न आहेत.

जॉन कँटन यांनी १७६८ मध्ये इंग्लंडमध्ये कालवांचे शिंपले भाजून व त्यात गंधक मिसळून पुन्हा तापवून कॅल्शियम सल्फाइडाचे प्रकाशमान चूर्ण तयार केले. तेओदोर सिदो यांनी १८६६ मध्ये झिंक सल्फाइडाचे स्फटिक मिळविले. पुढे सु. शंभर वर्षे पडदे व तबकड्या यांसाठी याच संयुगाचा सर्वाधिक उपयोग झाला. दरम्यान जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स यांनी १८५२ मध्ये शोषलेल्या प्रकाशापेक्षा उत्सर्जित प्रकाशाची तरंगलांबी अधिक असते हा नियम मांडला, तर एदमाँ बेक्रेल यांनी प्रकाशाचा स्रोत काढून घेतल्यानंतर क्षणाच्या अल्पांशापर्यंत टिकणारी दीप्ती मोजण्याचे उपकरण बनविले. अशा रीतीने कुतूहलाचा विषय मोजमापाच्या कक्षेत आला. परंतु एकाच कृतीने तयार केलेली दोन चूर्णे सारखी का प्रकाशत नाहीत, हे कोडे तसेच राहिले.

सक्रियकाचा शोध : या कोड्याचे उत्तर व्हिर्गिल क्लाट आणि त्यांचे शिष्य फिलिप लेनार्ट यांनी १८८९ मध्ये दिले. पूर्णपणे शुद्ध कॅल्शियम सल्फाइड जवळजवळ प्रकाशतच नाही. त्यात तांबे, बिस्मथ किंवा मँगॅनीज यांचा अंश असावा लागतो आणि प्रकाशाचा रंग त्या अंशावर अवलंबून असतो, असे त्यांना आढळले. मुख्य संयुगास ‘आश्रयी’ आणि अल्प प्रमाणातील धातूस ‘सक्रियक’ म्हटल्यास असे म्हणता येईल की, आश्रयी ऊर्जा व जागा पुरवितो आणि प्रकाश सक्रियकाकडून येतो. तांब्याने सक्रियित केलेल्या झिंक सल्फाइडात तांब्याचे प्रमाण सु. दहा हजारांत एक इतके अल्प असते. उलट, लोह, कोबाल्ट किंवा निकेल यांचा त्याहूनही सूक्ष्म अंश याच चूर्णाचा प्रकाश मारून टाकतो.

या शोधाने चूर्णाच्या निर्मितीपुढे दोन कठोर अटी उभ्या केल्या. पहिली शुद्धतेची : कच्चा माल, मुशी, जाते, चाळणी यांपैकी कशातूनही लोहाचा अंश येता कामा नये. दुसरी समरूपतेची : सक्रियकाचे आयन आश्रयीच्या जालकात सर्वत्र सारखे विखुरले पाहिजेत. ते एकत्र गोळा झाल्यास शोषलेली ऊर्जा एकमेकांकडे सरकवत अखेर ती उष्णतेच्या रूपाने वाया घालवितात. कोरडी चूर्णे एकत्र खलून ही समरूपता साधणे अवघड असते, कारण खलबत्त्यात मिसळतात ते कण आणि मिसळावयाचे असतात ते आयन.

प्रयोगशाळेतून कारखान्यात : व्हिल्हेल्म राँटगेन यांना १८९५ मध्ये क्ष-किरणांचा सुगावा लागला तो बेरियम प्लॅटिनोसायनाइडाच्या पडद्यावर उमटलेल्या दीप्तीमुळे. पुढच्याच वर्षी टॉमस एडिसन यांनी क्ष-किरण पाहण्यासाठी कॅल्शियम टंगस्टेट अधिक उपयुक्त असल्याचे दाखविले. कार्ल फेर्डिनांट ब्राउन यांच्या १८९७ मधील ऋण किरण नलिकेने फॉस्फरास पडद्याचे रूप दिले. पडदा म्हटला की लेप आला आणि लेप म्हटला की कणाचे आकारमान आले. कण फार मोठे असतील, तर लेप खरबरीत होऊन चित्र अस्पष्ट दिसते; फार बारीक असतील, तर प्रकाशाचे प्रकीर्णन वाढून व पृष्ठभागावरील दोषांमुळे तेज घटते. दिव्यांच्या नळ्या व पडदे यांसाठी काही मायक्रोमीटर व्यासाचे कण योग्य ठरले.

चूर्ण कारखान्यात आले तसे त्याचे धोकेही कारखान्यात आले. घड्याळांच्या तबकड्या रात्री दिसाव्यात म्हणून झिंक सल्फाइडात रेडियमाचा अंश मिसळलेला रंग पहिल्या महायुद्धापासून मोठ्या प्रमाणावर वापरला जाऊ लागला. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील ऑरेंज येथील कारखान्यात तरुण मुली हा रंग भरत. कुंचल्याचे टोक ओठांनी अणकुचीदार करण्याची त्यांना सवय लावण्यात आली होती. पोटात गेलेले रेडियम हाडांत साठून अनेकींचे जबडे सडले, काही मृत्यू पावल्या. त्यांच्यापैकी पाच जणींनी १९२७ मध्ये चालविलेला खटला १९२८ मध्ये तडजोडीने मिटला. कामगाराच्या व्यावसायिक आजाराबद्दल मालकाची जबाबदारी मान्य होण्याच्या इतिहासात या खटल्याला महत्त्वाचे स्थान आहे.

दुसरे उदाहरण अनुस्फुरक दिव्याचे आहे. जॉर्ज इनमन व त्यांचे सहकारी यांनी विकसित केलेला हा दिवा अमेरिकेत १९३८ मध्ये बाजारात आला. पाऱ्याच्या बाष्पातील विद्युत् विमोचनाने निर्माण होणारे २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे जंबुपार किरण नळीच्या आतील लेप दृश्य प्रकाशात रूपांतरित करतो. प्रारंभी या लेपात मँगॅनिजाने सक्रियित केलेले झिंक बेरिलियम सिलिकेट वापरीत. ते दळताना, चाळताना व नळीत भरताना उडणारी धूळ कामगारांच्या फुप्फुसांत जाई. मॅसॅचूसेट्स राज्यातील दिव्यांच्या कारखान्यात काम केलेल्यांना, कित्येकदा काम सोडल्यानंतर काही वर्षांनी, श्वसनाचा गंभीर विकार जडतो, असे हॅरिएट हार्डी व अर्व्हिंग टॅबरशॉ यांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये अमेरिकेतील दिव्यांच्या उद्योगाने बेरिलियमयुक्त फॉस्फरांचा वापर थांबविला. त्यांना पर्याय तयार होता : इंग्लंडमध्ये आल्फ्रेड मकीग व पीटर रॅन्बी यांनी १९४२ मध्ये शोधलेले, अँटिमनी व मँगॅनीज यांनी सक्रियित केलेले कॅल्शियम हॅलोफॉस्फेट. एकाच चूर्णातून पांढरा प्रकाश देणारे हे स्वस्त व तुलनेने निरुपद्रवी संयुग पुढील तीस-पस्तीस वर्षे जगभरच्या नळीच्या दिव्यांत वापरले गेले.

भट्टी व दळण : या काळात रूढ झालेली निर्मितीची पद्धत घन अवस्थेतील विक्रियेची आहे. ऑक्साइडे, कार्बोनेटे किंवा फॉस्फेटे तोलून एकत्र खलतात, त्यांत बोरिक अम्ल किंवा धातूंची फ्ल्युओराइडे यांसारखे अभिवाह घालतात आणि मिश्रण ॲल्युमिनाच्या मुशीत भरून फॉस्फराच्या प्रकारानुसार सु. १,०००° ते १,६००° से. तापमानास कित्येक तास भाजतात. घन पदार्थात आयनांचे विसरण फार मंद असते, म्हणून एवढे तापमान व एवढा वेळ लागतो. अभिवाह वितळून आयनांची वाट सुकर करतो व स्फटिक वाढवितो. भट्टीतून निघालेली ढेप फोडून, दळून, अम्लाने व पाण्याने धुऊन व चाळून चूर्ण तयार होते.

दळण हा या साखळीतील दुबळा दुवा होय. दळताना स्फटिकाच्या पृष्ठालगत दोष निर्माण होतात आणि तेथे शोषलेली ऊर्जा प्रकाश न देता नाहीशी होते. कण जितका लहान तितके त्याच्या घनफळाच्या मानाने पृष्ठफळ मोठे, म्हणून बारीक चूर्णात ही हानी अधिक जाणवते. जात्याच्या भिंती व गोळ्या झिजून मलद्रव्ये मिसळतात. कणांना अनियमित, कोनीय आकार येतो आणि त्यांच्या आकारमानातील फरकामुळे लेप सारखा बसत नाही. दळणानंतर पुन्हा तापवून दोष काही अंशी घालविता येतात, पण त्यामुळे कण पुन्हा चिकटू लागतात.

विरल मृत्तिकांचे युग : ए. के. लेव्हिन व एफ. सी. पॅलिला यांनी १९६४ मध्ये यूरोपियमाने सक्रियित केलेल्या इट्रियम व्हॅनॅडेटाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि रंगीत दूरचित्रवाणीला तेजस्वी तांबडा रंग मिळाला. एम. कोडम व जे. जे. ऑपस्टेल्टन यांनी १९७१ मध्ये दाखविले की, निळ्या, हिरव्या व तांबड्या रंगांच्या तीन अरुंद पट्ट्या योग्य ठिकाणी असतील, तर डोळ्यास उत्तम वाटणारा पांढरा प्रकाश उच्च कार्यक्षमतेने मिळू शकतो. त्यानुसार जे. एम. पी. जे. फेर्स्टेगेन व त्यांच्या नेदर्लंड्समधील सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये तिरंगी फॉस्फर मिश्रण सिद्ध केले. त्यातील तांबडा प्रकाश यूरोपियमयुक्त इट्रियम ऑक्साइडापासून, हिरवा टर्बियमयुक्त व निळा यूरोपियमयुक्त ॲल्युमिनेटापासून मिळतो. आखूड, वळविलेल्या नळीचे सुटसुटीत दिवे या मिश्रणामुळेच शक्य झाले.

मात्र या चूर्णांनी कणाच्या प्रश्नाला आर्थिक धार आणली. इट्रियम ऑक्साइडाच्या फॉस्फरात शंभर धातू आयनांमागे सु. चार-पाच आयन यूरोपियमाचे असतात. यूरोपियम व टर्बियम ही मूलद्रव्ये दुर्मिळ व महाग आहेत. वेड्यावाकड्या कणांचा जाड लेप द्यावा लागणे म्हणजे महाग माल वाया घालविणे होय. सारख्या व्यासाचे गोल कण दाट रचले जातात आणि पातळ लेपातही काच पूर्ण झाकतात. त्यामुळे ‘गोल, सारखा, न दळलेला कण’ हे उद्दिष्ट पुढे आले.

फवारा शुष्कन : द्रव पदार्थ तुषारांच्या रूपात उष्ण हवेत सोडून वाळविण्याच्या पद्धतीचे एकस्व सॅम्युएल पर्सी यांना अमेरिकेत १८७२ मध्ये मिळाले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी दुधाच्या भुकटीसाठी तिचा व्यापारी उपयोग सुरू झाला. भारतात आणंद येथील सहकारी दुग्धालयात १९५५ मध्ये म्हशीच्या दुधाची भुकटी याच पद्धतीने तयार होऊ लागली. पुढे औषधे, अपमार्जके, रंगद्रव्ये व मृत्तिका उद्योगातील दाणेदार चूर्णे यांसाठी ती सर्वत्र पसरली.

पद्धतीचे मर्म पृष्ठफळात आहे. एक लिटर पाणी ५० मायक्रोमीटर व्यासाच्या तुषारांत विभागले, तर सु. १,५०० कोटी थेंब तयार होतात आणि त्यांचे एकूण पृष्ठफळ १२० चौ. मी. भरते. वेगाने फिरणारी तबकडी किंवा दाबाखालील तोटी यांच्या साहाय्याने तुषार निर्माण करून ते सु. १५०° ते ३००° से. तापमानाच्या हवेत सोडतात. बाष्पीभवनाला लागणारी उष्णता थेंबातून घेतली जात असल्याने थेंब ओला असेपर्यंत फारसा तापत नाही. काही सेकंदांत तो वाळून गोल कण बनतो व सायक्लोन विभाजकात हवेपासून अलग होतो. येथे दळणाची गरज नसते. थेंबाचा आकार हाच कणाचा साचा ठरतो.

फॉस्फरांच्या दृष्टीने याहून मोठा लाभ समरूपतेचा आहे. इट्रियम व यूरोपियम यांची लवणे पाण्यात विरघळविली की, दोन्हींचे आयन आपोआप मिसळतात. थेंब झपाट्याने वाळत असल्याने त्यांना वेगळे होण्यास अवसर मिळत नाही. खलबत्त्यात जे साधत नाही, ते विद्रावात आयते साधते.

कणाचे आकारमान आधी ठरविणेही शक्य होते. थेंबातील विद्रुताच्या घनफळाचे घनमूळ काढले की, कणाच्या व थेंबाच्या व्यासांचे गुणोत्तर मिळते. एका लिटरमध्ये ०·१ मोल इट्रियम नायट्रेट असलेल्या विद्रावापासून सु. ११·३ ग्रॅ. ऑक्साइड मिळते. त्याची घनता पाण्याच्या पाचपट धरल्यास थेंबाच्या घनफळाच्या सु. ०·२३ टक्के एवढेच घन द्रव्य उरते आणि कणाचा व्यास थेंबाच्या व्यासाच्या सु. १३ टक्के येतो. म्हणजे ५० मायक्रोमीटरच्या थेंबापासून सु. ६·६ मायक्रोमीटरचा व ५ मायक्रोमीटरच्या थेंबापासून सु. ०·६६ मायक्रोमीटरचा भरीव कण मिळावा. कणाचा व्यास दुप्पट करावयाचा, तर विद्राव आठपट तीव्र करावा लागतो.

फवारा उष्णताविच्छेदन : साध्या फवारा शुष्कनातून वाळलेली लवणे मिळतात, त्यांचे फॉस्फर होण्यासाठी पुढे भट्टी लागतेच. त्यातही नायट्रेटे हवेतील आर्द्रता शोषून चिकट होतात, म्हणून ॲसिटेटे, सिट्रेटे किंवा अविद्राव्य द्रव्यांचे पाण्यातील निलंबन वापरणे सोयीचे जाते. थेंब वाळणे व लवणाचे विघटन होऊन ऑक्साइड बनणे या दोन्ही क्रिया एकाच प्रवाहात घडवून आणल्यास त्या पद्धतीस फवारा उष्णताविच्छेदन म्हणतात. तीत थेंब वायूच्या झोताबरोबर कित्येक शे अंश से. तापमानाच्या नळीतून जातात. सूक्ष्म थेंबांसाठी श्राव्यातीत कंपने वापरतात. आर. जे. लँग यांनी १९६२ मध्ये दिलेल्या सूत्रानुसार पाण्याच्या बाबतीत १७ लक्ष हर्ट्झ कंप्रतेस थेंबाचा व्यास सु. ३ मायक्रोमीटर येतो.

या पद्धतीने फॉस्फर तयार करण्याचे पद्धतशीर संशोधन विसाव्या शतकाच्या अखेरीस विशेषतः जपानमध्ये हिरोशिमा विद्यापीठात किकुओ ओकुयामा यांच्या आणि दक्षिण कोरियात सुंग बिन पार्क व युन चान कांग यांच्या गटांनी केले. यूरोपियमयुक्त इट्रियम व गॅडोलिनियम ऑक्साइडांचे सुटे, गोल व मायक्रोमीटरहून लहान कण त्यांनी मिळविले. त्या वेळी प्लाझ्मा पडदे व क्षेत्र-उत्सर्जन पडदे विकसित होत होते आणि त्यांच्या बारीक चित्रघटकांसाठी अशाच कणांची अपेक्षा होती.

अडचणी व उपाय : प्रत्यक्षात हिशेबाप्रमाणे कण भरीव निघत नाही. पृष्ठभागावरील पाणी उडून जाण्याचा वेग विद्रुताच्या आत विसरण्याच्या वेगाहून अधिक झाला, तर विद्रुत प्रथम पृष्ठावर साचते. त्याचे कवच बनते आणि आत उरलेल्या पाण्याची वाफ ते फुगविते किंवा फोडते. दुधाच्या भुकटीत असा पोकळ कण फारसा बाधक नसतो. फॉस्फरात मात्र तो पुढील तापनात चेपतो, त्याचा गोलपणा जातो व प्रकाश घटतो. शुष्कन मंद गतीने करणे, विद्रावात कोलॉइडी बीजकण घालणे आणि सायट्रिक अम्ल व एथिलीन ग्लायकॉल यांच्यापासून बनणाऱ्या बहुवारिकी जाळ्यात धातूंचे आयन अडकविणे असे उपाय योजले गेले. या जाळ्यामुळे लवण केवळ पृष्ठभागावर न साचता थेंबाच्या संपूर्ण घनफळात घट्ट होते.

दुसरी अडचण काळाची आहे. तप्त नळीतून जाण्यास थेंबाला काही सेकंदच लागतात. तेवढ्यात ऑक्साइड बनते, पण स्फटिकाची वाढ पूर्ण होत नाही. म्हणून चूर्ण पुन्हा १,०००° से.च्या आसपास किंवा त्याहून अधिक तापवावे लागते आणि तापविताना सुटे कण चिकटण्याचा जुना धोका परत येतो. विद्रावातच अल्प अभिवाह घातल्यास तो प्रत्येक कणाच्या आत काम करतो व तापमान काहीसे कमी पुरते. परंतु त्याचे प्रमाण जास्त झाल्यास गोलपणा नाहीसा होतो. अशा रीतीने पेच सुटत नाही, तो सैल होतो.

तिसरी अडचण खर्चाची. वर दिलेल्या विद्रावापासून एक किग्रॅ. ऑक्साइड मिळविण्यासाठी सु. ८८ लि. पाण्याचे बाष्पीभवन करावे लागते. उष्णतेचा अजिबात अपव्यय झाला नाही असे धरले, तरी केवळ त्याला सु. ५५ किलोवॉट-तास ऊर्जा लागते. शिवाय नायट्रेटाच्या विघटनातून बाहेर पडणाऱ्या वायूंचे प्रमाण, ते सर्व नायट्रोजन डाय-ऑक्साइड मानल्यास, प्रत्येक किग्रॅ. ऑक्साइडामागे सु. १·२ किग्रॅ. भरते. हे वायू विषारी असून ते शोषून घेण्याची व्यवस्था नसेल, तर कामगारांची धुळीपासून सुटका करून त्यांना वायूच्या तोंडी दिल्यासारखे होईल. विद्राव अधिक तीव्र केल्यास खर्च उतरतो, पण कण मोठे होतात.

दिव्यांच्या उद्योगाने म्हणून निराळा मार्ग पत्करला. इट्रियम व यूरोपियम यांच्या एकत्रित विद्रावात ऑक्झॅलिक अम्ल घालून दोन्हींचा साका एकदमच पाडावयाचा व तो गाळून भाजावयाचा, ही सहअवक्षेपणाची पद्धत रूढ झाली. आयन विद्रावात मिसळण्याचा लाभ तीत मिळतो. पाणी मात्र वाफ न करता गाळून काढता येते.

भारतातील कार्य : फॉस्फरांचा एक महत्त्वाचा उपयोग मुंबईजवळील तुर्भे (ट्राँबे) येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केला. प्रारणाच्या सान्निध्यात काम करणाऱ्यांना मिळालेली मात्रा मोजण्यासाठी डिस्प्रोसियमाने सक्रियित केलेले कॅल्शियम सल्फेट टेफ्लॉनमध्ये मिसळून त्याच्या चकत्या बनवितात व त्या बिल्ल्यात बसवितात. चकती तापविली की, साठलेल्या ऊर्जेच्या प्रमाणात ती प्रकाश देते. या चूर्णाची जपानमध्ये टी. यामाशिता व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेली कृती विद्रावाचीच आहे : कॅल्शियम व डिस्प्रोसियम यांची संयुगे तप्त सल्फ्यूरिक अम्लात विरघळवून अम्ल उडवून लावतात व उरलेले स्फटिक तापवून, चाळून घेतात. दिव्यांच्या चूर्णांनी कामगारांस इजा केल्याचा इतिहास लक्षात घेता, फॉस्फराचेच चूर्ण देशभरातील रुग्णालये व अणुकेंद्रे यांतील कामगारांच्या छातीवर पहारेकरी म्हणून वावरते, ही घटना उल्लेखनीय आहे.

बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत जे. जे. किंग्सली व के. सी. पाटील यांनी १९८८ मध्ये ज्वलन संश्लेषणाची पद्धत मांडली. धातूंची नायट्रेटे व यूरिया यांचा विद्राव ५००° से. तापमानाच्या भट्टीत ठेवला असता तो उकळून पेट घेतो आणि काही मिनिटांतच फेसाळ ऑक्साइड तयार होते. लागणारे उच्च तापमान विक्रियेतूनच मिळते. पाटील यांच्या गटाने व पुढे नागपूर विद्यापीठासह अनेक ठिकाणच्या संशोधकांनी ही पद्धत फॉस्फरांसाठी वापरली. साधने अल्प असलेल्या प्रयोगशाळेस ती परवडते. मात्र तीत कणाच्या आकारावर फवाऱ्याइतके नियंत्रण राहत नाही.

बदललेली गरज : शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये तेजस्वी निळा एलईडी सिद्ध केल्यानंतर १९९६ मध्ये त्यावर सिरियमयुक्त इट्रियम ॲल्युमिनियम गार्नेटाचा पिवळा फॉस्फर बसवून पांढरा दिवा बाजारात आणला गेला. हा फॉस्फर जी. ब्लासे व ए. ब्रिल यांनी १९६७ मध्येच वर्णिला होता. एलईडीमध्ये चूर्ण सिलिकोनच्या थरात मिसळलेले असते व तेथे बहुधा ५ ते २० मायक्रोमीटरचे, सुघटित स्फटिकांचे कण सोयीचे पडतात. म्हणजे ज्या अतिसूक्ष्म कणांसाठी फवारा उष्णताविच्छेदनाचा अभ्यास झाला, त्यांची मागणीच ओसरली. ऋण किरण नलिकांचे पडदे मागे पडले. प्लाझ्मा पडद्यांचे मोठ्या कंपन्यांतील उत्पादन २०१४ च्या सुमारास थांबले. पाऱ्याच्या वापराविषयीच्या मिनामाता करारानुसार २०२३ मध्ये झालेल्या परिषदेत नळीचे अनुस्फुरक दिवे २०२७ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरले.

त्यामुळे फवारा पद्धतीचे संशोधन वाया गेले असे मात्र म्हणता येत नाही. प्रखर लेसर प्रकाशासाठी गार्नेटाच्या पारभासी चकत्या वापरतात. त्या दाबून घडविण्यापूर्वी चूर्णाचे सहज वाहणारे गोल दाणे करण्यासाठी फवारा शुष्कनाचा उपयोग होतो. विरल मृत्तिकांच्या किमती २०१० व २०११ मध्ये चीनने निर्यात आवळल्याने एकाएकी भडकल्या, तेव्हा प्रत्येक ग्रॅम यूरोपियमापासून अधिकाधिक प्रकाश मिळविण्याचे महत्त्व पुन्हा पटले. बोलोन्याच्या दगडापासून आजपर्यंत कोणते संयुग प्रकाशेल, हे रसायनशास्त्राने ठरविले. परंतु त्याचे चूर्ण कोणत्या वाटेने कारखान्यात येईल, हे पाण्याची वाफ करण्याचा खर्च, धातूचा भाव आणि ते हाताळणाऱ्या माणसाची प्रकृती यांनी ठरविले आहे.